आईला आणायला निघालेली रबाब

दुमयात, ११ सप्टेंबर १९८५

प्रिय इब्तिसाम,

आधीच सांगतो, लाल शाई हातात घेऊन हे पत्र वाचायला बसू नकोस. माझा हात लाकडावर चालतो, कागदावर अडखळतो, हे तुला लग्नाआधीपासून माहीत आहे.

तू कुवेतला सुखरूप पोचल्याची तार मिळाली. इथे सगळं ठीक आहे. म्हणजे तुझी लेक ठीक आहे आणि बाकीचे आम्ही तिच्या ताब्यात आहोत. पावणेतीन वर्षांचं माणूस, पण घरात पान हलायचं तरी आधी तिला विचारून. सध्या तिचा एकच शब्द आहे, ‘मीच!’ चपला मीच घालणार. उलट्या घालते आणि तशाच घालून गल्लीच्या टोकापर्यंत चालते. शेजारणी हसतात. ती त्यांच्याकडे अशी बघते, जणू चपला त्यांनीच चुकीच्या घातल्यात.

तू गेल्यावर ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. तीन दिवस दाराकडे तोंड करून जेवली, एवढंच.

चौथ्या दिवशी मी तिला कारखान्यात घेऊन गेलो. उस्ताद मुतवल्ली कसे आहेत तुला माहीतच आहे. सगळ्या कारागिरांसमोर म्हणाले, “काय समीह, बायको परदेशी नोकरीला आणि तू घरी आया? पटाशी ठेव पोरा, लाटणं घे हातात.” सगळे हसले. मीही हसलो, काय करणार? रबाब हसली नाही. ती सरळ चालत गेली आणि मन्सूरा शहरातल्या एका नवरीसाठी चाललेल्या कोरीव खुर्चीत जाऊन बसली. उस्ताद म्हणाले, “उतर बाळा, सरस ओला आहे, चिकटशील.” ती म्हणाली, “बाबाची खुर्ची. तू जा.” इब्तिसाम, त्या खुर्चीवरची पानं खरंच मी कोरलेली आहेत. तिला ते कुणी सांगितलं देव जाणे. उस्तादांनी तिला उचलायचा प्रयत्न केला, तर तिने खुर्चीचा हात असा धरला, की खुर्चीसकट उचलावी लागली असती. शेवटी म्हातारा म्हणाला, “बसू दे. गिऱ्हाइकापेक्षा हीच शोभतेय.”

तुझ्या आई दोनदा येऊन गेल्या. अजून तुझं नाव घेत नाहीत, ‘ती’ म्हणतात. “तिने टाकलेलं पोर मी नेते,” म्हणाल्या. मी म्हटलं, हाज्जा, टाकलेलं नाही, माझ्यापाशी ठेवलेलं आहे. त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि गेल्या.

तिथल्या शाळेतल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेबद्दल लिही. तिथे प्रत्येक मुलीला स्वतःची परीक्षानळी मिळते, हे खरं का? इथे चाळीस जणींत एक नळी फिरवायचीस आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसायचीस. म्हणून मी जा म्हटलं होतं. आजही म्हणतो.

तुझा,
समीह


दुमयात, २७ नोव्हेंबर १९८५

प्रिय इब्तिसाम,

पैगंबरजयंती झाली. बाजार साखरेच्या बाहुल्यांनी भरला होता. रंगीत कागदाचे पंखे पाठीला लावून ओळीने उभ्या. दरवर्षीप्रमाणे मुलींना बाहुली, मुलांना साखरेचा घोडेस्वार. तुझ्या आई सोबत होत्या. त्यांनी स्वतः निवडून सगळ्यात मोठी बाहुली काढली, गुलाबी पंख्याची.

रबाब म्हणाली, “घोडा.”

“घोडा मुलांचा असतो, राणी.”

“घोडा.”

“लोक काय म्हणतील? हाज्जाच्या नातीला बाहुली आवडत नाही?”

रबाब रस्त्यात बसली. ओरडली नाही, लोळली नाही. तुझी लेक तमाशा करत नाही, धरणं धरते. मांडी घालून, हाताची घडी घालून, दुकानाच्या तोंडावर. गिऱ्हाइकं तिला ओलांडून जायला लागली. तुझ्या आई म्हणाल्या, “समीह, दोन धपाटे घाल.” मी म्हटलं, हाज्जा, तुम्हीच घाला. त्या वाकल्या, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि परत सरळ झाल्या. दुकानदारच शेवटी म्हणाला, “बाई, घोडा न्या. माझा धंदा बसलाय.”

घोडा आला. आता तो खायचा नाही, असा हुकूम आहे. मुंग्या लागल्या तेव्हा मी गुपचूप टाकून द्यायला निघालो, तर पकडला गेलो. मुंग्यांना तिने फुंकर मारून, नाव घेऊन घालवलं. प्रत्येक मुंगीचं नाव ‘जा’ आहे.

घरी जाताना तुझ्या आई एकच वाक्य बोलल्या, “ही कुणावर गेलीय ते मला माहीत आहे.” रागाने म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा मी बाजूने बघितला. तो रागाचा नव्हता.

समीह


दुमयात, १८ जानेवारी १९८६

प्रिय इब्तिसाम,

काल तुझी लेक तीन वर्षांची झाली. केक तुझ्या आईंनी केला. मला विचारू नकोस कसं, पण संत्र्याचा केक आणि तीन मेणबत्त्या घेऊन त्या स्वतः जिने चढून आल्या. उस्ताद मुतवल्लीही आले, हातात छोटीशी खुर्ची घेऊन. अक्रोडाची, पाठीवर एक मासा कोरलेला. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला फुकट काही दिलेलं मी बघितलं नाही. रबाबने खुर्ची चारी बाजूंनी तपासली आणि म्हणाली, “चांगली.” म्हातारा लहान मुलासारखा लाजला.

मेणबत्त्या पेटल्या. सगळे म्हणाले, फुंकर मार. तिने मारली नाही. “का गं?” “पेटलेल्या छान दिसतात.” बरोबरच होतं तिचं. पण तुझ्या आईंना राहवेना, त्यांनी हळूच फुंकर मारली. झालं! पुन्हा पेटवाव्या लागल्या. मग आम्ही बारा जण गप्प उभे राहून मेणबत्त्या संपेपर्यंत बघत राहिलो. मेण केकवर उतरलं, ते खरवडून खाल्लं. इतका शांत झालेला वाढदिवस मी आयुष्यात पाहिला नाही. खरं सांगू? सुंदर होता.

फोनचं वाईट वाटून घेऊ नकोस. टेलिफोनच्या ऑफिसात गर्दी होती आणि लाईन खराब होती, म्हणून तिचा आवाज तुला आला नाही. ती बोलत होती.

समीह


दुमयात, ७ मे १९८६

प्रिय इब्तिसाम,

परवा वसंताचा सण झाला. आम्ही सगळे रास-अल-बर्रला गेलो होतो, जिथे नदी समुद्राला मिळते तिथे. खारवलेले मासे, कांद्याची पात, रंगवलेली अंडी, सगळं होतं. रबाबने सहा अंडी निळी रंगवली, सातवा होता माझा सदरा. हवा छान होती. सगळं ठीक झालं.

रमजान तोंडावर आलाय, रबाबला कंदील घ्यायचाय. घाईत आहे. पुढच्या वेळी जास्त लिहितो.

समीह


दुमयात, १२ मे १९८६

इब्तिसाम,

मागचं पत्र खोटं होतं. पाच दिवस छातीवर दगड घेऊन फिरतोय. तुझ्या आई म्हणाल्या, तू लिहिणार नसशील तर मी मुतवल्लीकडून लिहून घेते. त्यांच्या धमकीमुळे लिहितोय असं समजू नकोस. मला लिहायचंच होतं.

आधी हे वाच: रबाब सुखरूप आहे. माझ्या शेजारी झोपली आहे, तोंड उघडं टाकून.

त्या दिवशी दुपारी आम्ही नदीच्या काठावर चटई टाकली होती. मी माशाचे काटे काढत होतो. तिच्यासाठीच काढत होतो. वर बघितलं तर ती नव्हती. तुझ्या आईंना वाटलं माझ्याजवळ आहे, मला वाटलं त्यांच्याजवळ आहे. एवढ्या वेळात अख्खं आयुष्य संपतं, इब्तिसाम. मी पाण्याकडे धावलो. आधी पाण्याकडेच. तुझ्या आई तिचं नाव घेऊन ओरडत सुटल्या, डोक्यावरचा रुमाल सुटलेला, अनवाणी. हजारो माणसं आणि प्रत्येकाच्या हाताला एक मूल. पाऊण तास झाला. पोलिसाने वर्णन विचारलं, तर मला फक्त एवढंच सांगता आलं, की तिच्या चपला उलट्या आहेत.

त्यावरूनच सापडली. एक कोळीण म्हणाली, उलट्या चपलांची एक पोर फेरीबोटीत बसलीय, उतरत नाही.

ती पलीकडच्या गावाला जाणाऱ्या बोटीत चढली होती. कुठल्या तरी कुटुंबामागे चालत गेली, लोकांना वाटलं त्यांचीच. बोट पलीकडे गेली, सगळे उतरले, ही बसून राहिली. बोटवाला दरवीशकाका म्हणून आहे, दाढीवाला. त्याने मला नंतर सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

“मी विचारलं, पोरी, कुणाची तू? म्हणाली, समीह नक्षीवाल्याची आणि इब्तिसामबाईंची, शाळेमागची गल्ली, दुसरा जिना. सगळं घडाघडा! मी म्हटलं, चल, उतर, पोलीसचौकीत नेतो. म्हणाली, नाही. मी आईला आणायला आलेय. मी म्हटलं, आई कुठाय? म्हणाली, पाण्याच्या पलीकडे. बाबा म्हणालेत. मग मी काय बोलणार बाबा? हात लावला तर कठडा सोडेना. म्हटलं, हिला इथे एकटी सोडली तर पंचाईत, बोटीतच राहू दे, शोधणारा येईल. चार फेऱ्या झाल्या आमच्या. प्रत्येक काठाला ती उभी राहून चढणाऱ्या बायकांची तोंडं बघायची आणि परत बसायची. रडली एकदाही नाही. माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली. मीठ कमी आहे म्हणाली.”

‘पाण्याच्या पलीकडे’ हे मीच तिला सांगितलं होतं. झोपताना विचारायची, आई कुठे? मला कुवेत कसं समजावणार? म्हटलं, पाण्याच्या पलीकडे. सोपं वाटलं. ती महिनोन् महिने ते मनात ठेवून होती आणि पाणी दिसल्याबरोबर निघाली.

मी बोटीत उडी मारली. मला वाटलं गळ्यात पडेल. ती म्हणाली, “बाबा, आई या बोटीत नाही. दुसरी बोट कुठाय?”

मी मोठ्याने रडलो. सगळ्या लोकांसमोर. लाज वाटली नाही.

आता उरलेलंही सांगतो. वाढदिवसाला लाईन खराब नव्हती. तिने फोन कानाला लावला, तुझा आवाज ऐकला आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, “यात आई नाही.” मला तुला ते सांगवेना.

तू माझ्यावर चिडशील. चीड. पण एक गोष्ट माझ्याकडून काढून घेऊ नकोस. त्या बोटीत बसलेली मुलगी बघून भीती, शरम सगळं होतं आणि त्याच्याखाली असा अभिमान होता, की सांगता येत नाही. तीन वर्षांची आहे. घर माहीत, बापाचं नाव माहीत, आईचं नाव माहीत. आणि हवं ते मिळेपर्यंत जागा सोडायची नाही हेही माहीत.

समीह


दुमयात, ११ जून १९८६

प्रिय इब्तिसाम,

तीन आठवडे तुझं पत्र नव्हतं. रोज पोस्टमन दिसला की मी पटाशी खाली ठेवायचो, मग परत उचलायचो. उस्तादांनी एका पलंगाचं डोकं माझ्या हातून काढून घेतलं, म्हणाले, “तू फुलं कोरतोयस की मिरच्या?”

ईदच्या आदल्या दिवशी पत्र आलं. चार ओळी. तू राजीनामा लिहून ठेवला आहेस, द्यायचा बाकी आहे, पोरीला आईसाठी पाणी ओलांडावं लागलं ही तुझी चूक, असं लिहिलंस.

आता इथे काय झालं ते ऐक. आधी मागचं थोडं. बोटीच्या त्या प्रकारानंतर तुझ्या आई रबाबला घेऊनच गेल्या होत्या. मी अडवू शकलो नाही, कुठल्या तोंडाने अडवणार? दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. रबाब उभी, काखेत उशी, मागे तुझ्या आई धापा टाकत. “निघाली आणि थांबेचना,” म्हणाल्या. “मी हाक मारतेय, ही चालतेय. रस्ता ओलांडायला फक्त माझा हात धरला, पलीकडे गेल्यावर सोडला.” त्या दिवसापासून त्याच रोज सकाळी इकडे येतात.

तर पत्र आलं तेव्हा घरात ईदच्या कुकीजची कणीक मळणं चाललं होतं. तुझ्या आईंचे हात कोपरापर्यंत तुपात. रबाब प्रत्येक गोळ्यावर अंगठा दाबत होती. चिमट्याने नक्षी काढायला नकार, अंगठाच. मी पत्र वाचून खिशात ठेवलं. तुझ्या आई म्हणाल्या, “काय म्हणते ती? वाच.”

वाचलं.

बराच वेळ त्या मळत राहिल्या. मग म्हणाल्या, “सहा वर्षांची होती. तिच्या बापाने सांगितलं, मुलीला शाळा कशाला? तर ही शाळेच्या पायरीवर जाऊन बसली. चार दिवस. तिसऱ्या दिवशी मी तिला ओढत घरी आणली, दंडावर वळ उठले. चौथ्या दिवशी परत तिथेच. मुख्याध्यापिकाच बाहेर येऊन तिला आत घेऊन गेल्या. तुला कधी सांगितलं तिने?”

मी म्हटलं, नाही.

“नाही सांगणार. त्या वळांची लाज माझी आहे, म्हणून नाही सांगितलं.” मग हात पुसले, माझ्यासमोर बसल्या. “लिही. म्हणावं, राजीनामा फाडून टाक. करार दोन वर्षांचा आहे, दोन वर्षं पुरी कर. पोर मी बघते. तुझ्या घरात येऊन बघते, माझ्या घरात ती राहत नाही. आणि म्हणावं…” इथे त्या अडकल्या. “म्हणावं, आईने सांगितलंय.”

जसं बोलल्या तसं लिहिलं आहे. एक काना-मात्रा माझी नाही. काढ लाल शाई, बघू.

ईद छान झाली. अंगठ्याच्या कुकीज अख्ख्या गल्लीत वाटल्या. भट्टीवाल्याने विचारलं, “ही नक्षी कुठल्या घरची?” तर आमच्या छोट्या मॅडम म्हणाल्या, “माझ्या.” नवा पिवळा फ्रॉक घातला, पण त्यावर माझी कारखान्याची बंडी. का, ते विचारायची हिंमत कुणी केली नाही.

चोवीस तारखेला तू सुट्टीला येशील. एक विनंती आहे. ती लगेच जवळ आली नाही, तर रडू नकोस. तिला तिचा वेळ दे. मी तिला आता खरं सांगितलं आहे. नकाशा काढून, कुवेत कुठे, विमान कसं, सगळं. तिने ऐकलं आणि विचारलं, “शाळा सुटली की येणार?” मी म्हटलं, हो. “मग आधी असं का नाही सांगितलं?”



समीह


दुमयात, ५ सप्टेंबर १९८६

प्रिय इब्तिसाम,

विमानतळावर तू मागे वळून बघितलं नाहीस. बघू नकोस असं मीच सांगितलं होतं. पण मग पुढचं तुला दिसलं नाही, म्हणून लिहितो.

जूनमध्ये तू दारात उभी राहिलीस, तेव्हा ती दोन दिवस टेबलाखाली जाऊन बसली होती आणि तूही तुझं ताट घेऊन टेबलाशेजारी जमिनीवर बसलीस. तिसऱ्या दिवशी तिने टेबलाखालून हात काढून तुझ्या ताटातलं वांगं घेतलं. आमच्या घरी त्या दिवशी ईद होती, कॅलेंडर काही म्हणो. म्हणून परवा तू आत जाताना मी तिच्याकडेच बघत होतो. वाटलं, पुन्हा टेबलाखाली जाईल.

तू दिसेनाशी झालीस. तुझ्या आई रडायला लागल्या, हुंदके देऊन. वर्षभर जिचं नाव घेतलं नाही, तिच्यासाठी भर विमानतळावर. रबाबने त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांचा रुमाल खाली ओढून म्हणाली, “नानी, रडू नको. शाळा सुटली की येणार.” आणि त्यांचा हात धरून त्यांनाच बाहेर घेऊन गेली. गर्दीत वाट काढत, मला न विचारता, बरोबर दाराकडे.

परतीच्या गाडीत समोर एक बाई बसल्या होत्या, भरल्या घरच्या, चांगल्या मनाच्या. पिशवीतून तीळ लावलेल्या पावाचं कडं काढून रबाबला दिलं आणि तुझ्या आईंना विचारलं, “हिची आई?” तुझ्या आई म्हणाल्या, कुवेतला. बाई रबाबच्या गालाला हात लावून म्हणाल्या, “अगं बाई गं. एवढुसं लेकरू, आणि सोडून गेली?”

मी तोंड उघडलं. तुझ्या आईंनीही उघडलं. पण रबाबने तोंडातला घास गिळला आणि आमच्या आधी म्हणाली, “सोडून नाही गेली. शिकवायला गेली.”

“हो का? काय शिकवते गं तुझी आई?”

तू तो शब्द तिला उन्हाळाभर शिकवत होतीस. तोंडात मावत नाही तिच्या. तिने एकदा प्रयत्न केला, अडकली. दुसऱ्यांदा अडकली. डब्यातली चार-पाच माणसं बघायला लागली, कुणी तरी हसलं. मला वाटलं, सोडून देईल. ती बाकावर उभी राहिली, कडं माझ्या हातात दिलं, दोन्ही मुठी आवळल्या आणि अख्ख्या डब्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

“माझी आई रसायन आहे!”

सगळा डबा हसला. ती हसली नाही. हसणं थांबेपर्यंत थांबली आणि पुन्हा म्हणाली, आधीपेक्षा मोठ्याने. या वेळी कुणी हसलं नाही. तुझ्या आई त्या बाईंकडे वळून म्हणाल्या, “आहेच.”

मी दुरुस्त करणार होतो. पण तिचा चेहरा बघितला आणि तिचं कडं तिच्या हातात परत दिलं.

तुझा,
समीह